पोहायला न शिकवणारा माणूस

जोएलनं त्या हॉस्पिटलात जे केलं ते बरोबर की चूक, यावर कोल्हापुरात तरी मला दोन मतं ऐकायला मिळालेली नाहीत. राजारामपुरीतल्या क्लासची पोरं असोत नाहीतर रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसलेली, विषय निघाला की एकच उत्तर येतं : "बरोबरच केलं की! मग काय पोरगीला मरू द्यायची हुती व्हय?" 'द लास्ट ऑफ अस' हा व्हिडिओ गेम २०१३ साली आला, त्यावरची मालिका २०२३ मध्ये आली, आणि या सगळ्या काळात ही पोरं त्यातल्या जोएलच्या पाठीशी ठाम उभी आहेत. मलाही जोएल आवडतो. खूप आवडतो. म्हणूनच त्याच्याबद्दल इतक्या सहज हात झटकून मोकळं होणं मला जमत नाही.

ज्यांनी हे खेळलेलं किंवा पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. एका बुरशीच्या संसर्गानं माणसं माणसांवर तुटून पडायला लागतात. पहिल्याच रात्री जोएलची मुलगी सेरा त्याच्या हातात जीव सोडते. तिला मारतो तो कुणी झोंबी नाही, वरून हुकूम आलेला एक सैनिक. त्यानंतर वीस वर्षं जातात. जोएल आता बॉस्टनच्या बंदिस्त वस्तीत चोरटा माल इकडून तिकडे पोचवणारा माणूस आहे. मधल्या काळात त्यानं वाटमारी केली आहे, निरपराध माणसं मारली आहेत, आणि हे तो फारसं लपवतही नाही. त्याच्याकडे एक 'माल' येतो : एली नावाची चौदा वर्षांची मुलगी. तिला चावा बसलेला आहे, पण ती बदललेली नाही. तिच्यापासून औषध बनेल या आशेनं तिला देशाच्या पार दुसऱ्या बाजूला नेऊन सोडायचं असतं. तिथं पोचल्यावर कळतं की औषधासाठी तिचा मेंदू उघडावा लागेल आणि ती वाचणार नाही. जोएल वाटेत येईल त्याला गोळ्या घालतो, डॉक्टरलाही मारतो, बेशुद्ध मुलीला उचलतो आणि बाहेर पडतो. ती शुद्धीवर आल्यावर तिला सांगतो की तुझ्यासारखे आणखी बरेच निघाले, काही उपयोग झाला नाही, त्यांनी शोधच थांबवलाय. ती त्याला शपथ घालते. तो शपथेवर खोटं बोलतो.

जोएलच्या मनगटावर एक घड्याळ आहे. सेरानं त्या शेवटच्या रात्री, त्याच्या वाढदिवसाला दिलेलं. त्याच रात्री त्याची काच फुटली. वीस वर्षं तो ते बंद पडलेलं घड्याळ बांधून फिरतो. खेळात तुम्ही त्याच्या पाठीमागून चालत असता. तो ड्रॉवर उघडतो, कात्री घेतो, चिकटपट्टी घेतो, उरलेल्या गोळ्या मोजतो, आणि या सगळ्यात ते घड्याळ अधूनमधून दिसत राहतं. त्याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. एली वाटेत कधी सेराचं नाव काढते तेव्हा तो तिला तिथल्या तिथे गप्प करतो. असा माणूस आपल्याकडे घराघरात असतो. पोराबाळांसाठी जीव पाखडेल, पण दोन शब्द मायेचे बोलायची वेळ आली की उठून बैलांना वैरण घालायला जाईल.

मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवतात त्या खेळातल्या पाण्याच्या जागा. एलीला पोहता येत नाही. वाटेत कुठं तळघर भरलेलं असतं, कुठं धरणाच्या कडेचं पाणी असतं. तिथं जोएल एखादी लाकडी फळी शोधून आणतो, एलीला तिच्यावर उभी करतो आणि स्वतः पोहत ती फळी ढकलत पलीकडे नेतो. पुन्हा पुन्हा. खेळणाऱ्याला कंटाळा यावा इतक्या वेळा. एका पडक्या हॉटेलात एक माणूस जोएलचं तोंड साचलेल्या पाण्यात दाबून धरतो आणि एली, जिला पिस्तुलाला हात लावायची बंदी आहे, ती खाली पडलेलं पिस्तूल उचलून त्या माणसाला गोळी घालते. जोएलचा जीव वाचतो. तो आभार मानत नाही. तिथंच थांब सांगितलं होतं ना, म्हणून तिच्यावरच ओरडतो. थोडं पुढं गेल्यावर मात्र तो तिच्या हातात बंदूक देतो आणि नेम कसा धरायचा ते दाखवतो. बंदूक शिकवतो. पोहणं त्या सबंध प्रवासात शिकवत नाही.

हे मला एवढं का लागतं, ते सांगायचं तर मामाबद्दल लिहावं लागेल.

वडील गेल्यावर आई मला घेऊन माहेरी आली. शुक्रवार पेठेतलं जुनं माडीचं घर, पंचगंगेचा घाट चालत जाण्याच्या अंतरावर. मामा मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होता. त्यानं मला वाढवलं, शिकवलं, स्वतःला दिवाळीचे कपडे न घेता माझ्या फीचे पैसे काढले. आमच्या गल्लीतली झाडून सगळी पोरं उन्हाळ्यात घाटावर पोहायला शिकायची. पाठीला डबा बांधायचा, थोरल्या कुणीतरी ढकलून द्यायचं, नाकातोंडात पाणी जायचं, दोन-चार दिवसांत पोरगं सुटायचं. मला मामानं पायऱ्यांच्या खाली कधी उतरू दिलं नाही. घाटावर गेलेच तर माझं मनगट त्याच्या मुठीत. इतकं घट्ट, की घरी आल्यावर त्याच्या बोटांच्या खुणा दिसायच्या. "नदी कुणाची नसती," एवढंच म्हणायचा. बाकी चर्चा नाही.

अशा माणसाच्या आयुष्यात एखादं मोठं दुःख असणार, असं गोष्टी आपल्याला शिकवतात. जोएलची सेरा असते. पडद्यावरच्या प्रत्येक राकट पालकाच्या मागं एक मेलेलं पोर असतं, आणि ते कळलं की आपण त्याला सगळं माफ करतो. मामाच्या घरात कुणीही बुडालेलं नव्हतं. आईला विचारलं, आजीला विचारलं, तसं काही नव्हतंच. तो मुळात असाच होता. माणसं दुःखाशिवायही अशी होतात, आणि मला वाटतं गोष्टी लिहिणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा. मेलेली मुलगी दाखवली की पालकाच्या मुठीचं कारण सापडतं, आणि मग त्या मुठीत धरलेल्या मनगटाकडं बघायचं राहून जातं.

२०१९ चा ऑगस्ट. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, सगळीकडं धो धो पाऊस. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी या सगळ्या प्रयाग चिखलीजवळ एकत्र येऊन पंचगंगा होते, त्यामुळं पश्चिमेला पडलेला पाऊस अखेर आमच्याच दारात येतो. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, गावाचा पुण्या-मुंबईशी संबंध तुटलेला. पाणी उपसणारी केंद्रंच बुडाल्यामुळं नळ कोरडे. सगळीकडं पाणी, आणि प्यायला घोट नाही, अशी अवस्था.

पूरपट्ट्यातली पुष्कळ माणसं वेळेत बाहेर पडली नाहीत, आणि त्यांना आडमुठं म्हणणं सोपं आहे. त्यांच्याजवळ २००५ च्या पुराची खूण होती. त्या वर्षी पाणी कुठवर आलं होतं हे प्रत्येकाला ठाऊक, आणि त्याच्या वर ते येईल असं कुणाला वाटेना. ज्यांनी एक संकट स्वतः निभावून नेलेलं असतं त्यांना पुढच्या संकटाचं माप आपल्याजवळ आहे असं वाटतं. आमच्या घरात २००५ ला पाणी दुसऱ्या पायरीला लागून परत गेलं होतं. मामा म्हणाला, "हितनं हलायचं न्हाई." आम्ही हललो नाही. जामदार क्लबपाशी पाणी आल्याचं कळलं तेव्हाही नाही. मग ते खालच्या सोप्यात शिरलं, आणि हलायचा रस्ताच राहिला नाही.

पण त्यानं तयारी केली होती, हे खरंच. माडीवर पिण्याच्या पाण्याची तीन पिंपं काठोकाठ भरलेली. गुळाची अख्खी ढेप, चुरमुऱ्यांचं पोतं, मेणबत्त्या, काडेपेट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. पहिल्या रात्री तो जिन्याच्या वरच्या टोकाला बसला, हातात बॅटरी आणि काठी. पाण्याबरोबर साप वर चढतात. दर थोड्या वेळानं बॅटरी मारायचा, खाली कुठली पायरी ओली झाली ते बघायचा, आणि भिंतीवर खडूनं आडवी रेघ ओढायचा. त्या रेघा मी मोजत नव्हते, पण झोपही लागत नव्हती. आत तनू, म्हणजे मामाची नात, माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली. तिचे आईवडील पुण्याला नोकरीला, ती आजोबांजवळ शिकायला. तेव्हा ती तेरा वर्षांची होती. मामा सत्तरीच्या उंबरठ्यावर, गुडघे गेलेले. पहाटे मी चहा द्यायला गेले तर काठी धरलेल्या हाताची बोटं आखडून बसली होती, ती मला एकेक करून सोडवावी लागली. या माणसावर प्रेम करू नये असं काहीही माझ्याजवळ नाही.

शेजारच्या माडीवर एक बाळंतीण होती. तिची आई रिकामी कळशी घेऊन गच्चीच्या कठड्याशी आली. पाणी आहे का थोडं, म्हणाली. मामा म्हणाला, "न्हाई ओ वैनी. आमचंच संपत आलंय." पिंपं त्याच्या पाठीमागं होती, ताडपत्रीखाली. बाई काही न बोलता उभी राहिली. बहुतेक तिलाही ताडपत्री दिसत होती. तेवढ्यात तनू उठली, ताडपत्री बाजूला केली, कळशी बाईच्या हातातून घेतली आणि भरली. "मी देऊन येतो," म्हणाली, आणि कठडा ओलांडून पलीकडं गेली. मामानं तिला अडवलं नाही. त्या संध्याकाळी मात्र त्यानं गच्चीच्या दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला बांधावी तशी गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी बचाव पथकाची होडी आली. खिडकीतून उतरायचं होतं. होडीतल्या जवानानं विचारलं, "पोहता येतं का कुणाला?" मी आणि तनू एकमेकींकडं बघत होतो. आमच्या आधी मामा बोलला : "मी हाय न्हवं."

गुडघ्यातून धड उभा राहता न येणारा म्हातारा, खाली वाहतं पाणी, आणि त्याचं ते उत्तर. आम्ही सुखरूप बाहेर आलो. पुढं घर धुवायला परतलो तेव्हा माडीवरचं एक पिंप जसंच्या तसं भरलेलं होतं.

झोंबींच्या गोष्टींनी आपल्याला एक गणित पटवून दिलेलं आहे : जग बुडायला लागलं की जो दार लावून घेतो तोच आपली माणसं वाचवतो. १९६८ पासून हे सिनेमे येताहेत आणि जवळजवळ सगळ्यांत एक घर असतं, त्याच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या असतात, आणि आत कुणाला घ्यायचं यावरून भांडण असतं. पण खरी संकटं मी पाहिली ती अशी नव्हती. त्या पुरात आमच्या पेठांतल्या तालमींनी, मंडळांनी चुली पेटवल्या होत्या. ज्यांची स्वतःची घरं ओली होती ती पोरं दुसऱ्यांच्या म्हशी सोडवायला गेली होती. आणि मागं जायचं तर १८९७ चा प्लेग आठवावा. पुण्याजवळ मुंढव्याला पांडुरंग गायकवाड नावाचा पोरगा प्लेगनं फणफणलेला. सावित्रीबाई फुल्यांनी त्याला पाठीवर घेतलं आणि हडपसरजवळ यशवंतच्या दवाखान्यात आणलं. यशवंत हा त्यांनी दत्तक घेतलेला मुलगा, डॉक्टर झालेला. पांडुरंग वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. साथीच्या काळात पोर जपायचं म्हणजे काय, याचं आपल्याकडचं चित्र हे आहे : दुसऱ्याचं पोर, स्वतःची पाठ. आणि मला यशवंतचाही विचार येतो. आईला लागण होणार हे डॉक्टरला कळत नसेल का? त्याला तिला कोंडून ठेवता आलं असतं. तिनं जे ठरवलं ते त्यानं ठरवू दिलं.

जोएलपाशी परत येताना मला हेच घेऊन यायचं होतं.

कट्ट्यावरची पोरं म्हणतात, "बाजीप्रभूंनी पण एका माणसासाठीच खिंड लढवली की. शेकडो गेले." पन्हाळ्याच्या सावलीत वाढलेल्या पोरांनी हे म्हणावं यात नवल नाही. पण १६६० च्या जुलैतली ती रात्र नीट आठवून बघा. सिद्दी जौहरचा वेढा, धो धो पाऊस, आणि दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेशात बसलेला शिवा काशिद. पालखीत बसताना पुढं काय होणार हे त्याला माहीत होतं. खिंडीत थांबताना बाजीप्रभूंना आणि बांदलांना माहीत होतं. विशाळगडाकडं जाताना महाराजांना माहीत होतं की मागं कोण थांबलंय आणि कशासाठी. त्या सगळ्या प्रसंगात एकही माणूस असा नाही ज्याच्यापासून त्याचंच मरण किंवा त्याचंच जगणं लपवलं गेलं.

हॉस्पिटलात दोन्ही बाजूंनी नेमकं तेच केलं. औषध बनवायला निघालेल्यांनी एलीला विचारलं नाही, तिला शुद्धीवर येऊच दिलं नाही. जोएलनंही विचारलं नाही. एका बाजूनं सगळ्या जगासाठी ठरवलं, दुसऱ्या बाजूनं आपल्या काळजासाठी. मधे टेबलावर जी झोपली होती, जिनं सबंध वाटेत आपल्या जगण्याचा काही उपयोग व्हावा म्हणून पाय ओढले, तिचं मत कुणाच्याच हिशेबात नव्हतं. मला जोएलनं तिला उचलून नेल्याचा राग नाही. तिची संमती न घेता तिला कापायला निघालेल्यांच्या तावडीतून कुणीही तिला सोडवलंच पाहिजे होतं. माझं भांडण त्यानंतरच्या गाडीतल्या संभाषणाशी आहे. तेव्हा कुणी मागं लागलेलं नव्हतं. ती जागी होती. विचारत होती.

आणि ती बेशुद्ध का होती? मालिकेत ते बदललं आहे, पण मूळ खेळात ती बुडालेली असते. हॉस्पिटलच्या अलीकडं पाण्यानं भरलेला एक बोगदा लागतो, तिथं ती वाहून जाते. जोएल तिला बाहेर ओढतो, छाती दाबत असतो, तेवढ्यात हॉस्पिटलवाल्यांचे सैनिक येऊन त्याला बंदुकीच्या दस्त्यानं पाडतात. तिला पोहता येत असतं तर कदाचित ती स्वतःच्या पायांनी त्या हॉस्पिटलात शिरली असती आणि कुणाला तरी तिचं मत विचारावंच लागलं असतं. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कंट्रोलर खाली ठेवला आणि बराच वेळ बसून राहिले.

आमच्या गावात पोर जपण्याची एक दुसरी रीतही शेकडो वर्षं चालत आली आहे. तालमीतला वस्ताद बघा. पोराच्या दुधाबदामाचा हिशेब त्याच्याकडं, झोप त्याच्याकडं, कुणाबरोबर फिरतो त्याच्यावर डोळा. मार्गावरून ढळलं की मार. बंदी तर शंभर गोष्टींची. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात मात्र ताक, तेल, हळद, लिंबू घालून कसलेल्या त्या तांबड्या मातीत पोरगं एकटं उतरतं. वस्ताद कडेला. ओरडू शकतो, डाव सांगू शकतो, हात लावू शकत नाही. वस्तादांमध्येही दोष असतात, काहीजण फार कठोर असतात, सगळं गोड नाही. पण पोराला त्या मातीच्या हौद्यात सोडायचं आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं, आणि तो प्रत्येक डाव त्यासाठीच शिकवतो.

झोंबींच्या जगातही असा एक वस्ताद मला भेटला. २०१२ साली आलेल्या 'द वॉकिंग डेड' या गेममधला ली एव्हरेट. खुनाच्या शिक्षेसाठी पोलिसांच्या गाडीतून निघालेला कैदी. त्याला आठ वर्षांची क्लेमेंटाइन सापडते, आईवडिलांची वाट बघत झाडावरच्या घरात लपलेली. लीही तिच्यापासून आपला गुन्हा लपवावा की सांगावा या पेचात असतो, आणि ते खेळणाऱ्यावर सोडलेलं आहे. आगगाडीच्या डब्यात एक म्हातारा भटक्या त्याला तोंडावर सांगतो की तू असंच चालवलंस तर ही पोरगी मरणार. मग ली तिला बाटलीवर नेम धरायला शिकवतो. तिचे केस कापतो, कारण ते कुणाच्याही हातात सापडतील. आठ वर्षांच्या मुलीचे केस आणि कैद्याच्या हातात कात्री, कितीतरी वेळ चाललेलं ते काम. आणि त्या खेळात तुम्ही तिच्यासमोर काही बरंवाईट केलंत की कोपऱ्यात एक ओळ उमटते : क्लेमेंटाइन हे लक्षात ठेवेल. कुठल्याही पालकाला घाम फोडील अशी ओळ आहे ती. तनूनं ती कळशी भरताना मामाच्या तोंडाकडं बघितलं होतं. ती ते विसरलेली नाही.

जोएलच्या जगातली बुरशी ही लेखकांची निव्वळ कल्पना नाही. मुंग्यांना ताब्यात घेणारी अशी बुरशी आहे. आल्फ्रेड रसेल वॉलेसनं १८५९ मध्ये तिची नोंद केली. लागण झालेली मुंगी वारूळ सोडते, झुडपावर चढते, पानाची शीर जबड्यात घट्ट पकडते आणि तशीच मरते. मग तिच्या डोक्यातून बुरशीचा देठ फुटतो. बरेच दिवस समज असा होता की बुरशी मेंदूत शिरत असणार. २०१७ मध्ये संशोधकांनी अशा मुंग्यांचे बारीक छेद घेऊन पाहिले तर बुरशीच्या पेशी सगळ्या स्नायूंभोवती जाळं करून होत्या, मेंदू मोकळा होता. हे वाचलं तेव्हा मला त्या मुंगीच्या मिटलेल्या जबड्याचंच जास्त वाटत राहिलं. डोकं शाबूत असूनही पकड सुटत नाही. जोएल मूर्ख नाही. मामाही नाही. मनगट सोडायची वेळ कधी आली हे दोघांनाही कळलं असणार.

खेळाचा दुसरा भाग २०२० मध्ये आला आणि पुष्कळ लोक त्याच्यावर चिडले, कारण त्यात जोएल मारला जातो, आणि त्याला मारणारी मुलगी त्याच डॉक्टरची असते. मला तो भाग फार धीट वाटला. ज्या डॉक्टरला आपण वाटेतला अडथळा म्हणून पार केलं त्याच्याही घरी एक पोर होतं, हे खेळणाऱ्याला तिच्याच पायांनी चालून बघायला लावलं आहे. मधल्या वर्षांत एली पोहायला शिकलेली असते. तिला खरं कळतं, ती जोएलशी बोलणं तोडते. आणि त्याच्या मरणाच्या आदल्या रात्री ती त्याच्या दारात येऊन सांगते की मी तुला माफ करू शकेन असं वाटत नाही, पण प्रयत्न करायची इच्छा आहे. तेवढंच त्याच्या वाट्याला येतं.

तनू आता मोठी झाली. पुरानंतरच्या उन्हाळ्यांत तिनं अंबाई टँकवर पोहायला शिकून घेतलं, आजोबांना विचारलं नाही, सांगितलं. मामा एकदाही बघायला गेला नाही; ती परत येईपर्यंत दारात खुर्ची टाकून बसायचा. हा खेळ माझ्याकडं तिनंच आणला. एका रविवारी आम्ही दोघी जोएलवरून वाद घालत होतो, आणि पेपर वाचत बसलेल्या मामानं विचारलं की हा कोण माणूस, ज्याच्यावरून एवढं चाललंय. तनूनं त्याला सगळी गोष्ट सांगितली, एलीनं बोलणं सोडलं तिथपर्यंत.

"पोरगी जगली न्हवं?" मामानं विचारलं.

"जगली की. पण बोलत न्हाई त्याच्याशी."

"जित्ती हाय म्हणून बोलत न्हाई. मेली असती तर रुसायला कोण ऱ्हायलं असतं?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं, आणि अजूनही पुरतं नाही. तनूजवळ होतं. ती म्हणाली, "आज्जा, तिनं रुसायचं का माफ करायचं हे तिला ठरवाय नको? त्यानं ते पण आपल्याच हातात ठेवलं."

"खरं सांगितलं असतं तर गेली असती माघारी त्या डॉक्टरांकडं. मग?"

"मग त्यानं तिला अडवायचं, भांडायचं, पाया पडायचं. खोटं कशाला?"

मामा काही बोलला नाही. मग त्यानं तो बोगद्यातला प्रसंग दाखवायला सांगितला, ती बुडते तो. तनूनं टीव्हीवर लावला. जोएल एका बसमध्ये अडकलेला असतो, बसमध्ये पाणी भरत असतं, आणि एली काठावरून त्या बसवर उडी घेते. मामा चष्मा सावरून पुढं वाकला.

"पवता येत न्हाई म्हणालीस न्हवं? मग उडी कशाला मारली तिनं?"

"तो अडकलाय की आत," तनू म्हणाली. "त्याला काढायला."

मामानं तेवढा भाग परत एकदा लावायला सांगितला.